शिळकऱ्याचा चौथा तुकडा

शहापूर, बेळगाव
१८ नोव्हेंबर २०२३

नमस्कार.

वर नाव लिहावं की नुसतं 'अहो' लिहावं, ह्यातच माझी सकाळ गेली. चौतीस वर्षांत तुम्हाला हाक मारायची वेळ आली नाही, त्यामुळं सवय मोडली आहे. नमस्कारात सगळं आलं असं समजा.

तुम्ही पाठवलेली मुलगी परवा दुपारी आली. मी दारात आवळे वाळत घालत होते. पाठीवर हे एवढं सामान, पायात बूट. मला वाटलं मतदार यादीवाली असेल. तर म्हणाली, "मंगल टीचर इथंच राहतात का? मी मधुवंती, निपाणीची. मला रवळूकाकांनी पाठवलंय, पोर्ट ब्लेअरहून."

तुमचं नाव ह्या गल्लीत इतक्या मोठ्यानं कुणी घेऊन किती वर्षं झाली. समोरच्या जयाबाईनं विणायचा माग थांबवून मान बाहेर काढली. मी मुलीला हाताला धरून आत घेतलं.

चांगली आहे पोरगी. पाणी प्यायली, पाय पुसून बसली, आणि तुमच्याबद्दल मी काही न विचारता सांगत सुटली. तुम्ही रिटायर झालात. एका खोलीत राहता. दीपगृहाची नोकरी संपली तरी बेट सुटलं नाही. पक्ष्यांचा अभ्यास करणारी ही मंडळी तिकडं जातात तेव्हा त्यांचा स्वयंपाक करायला तुम्ही बरोबर जाता. काकांच्या हातची आमटी म्हणजे काय सांगू, असं म्हणाली. मला हसू आलं. लग्नानंतर चार महिने रोज दूध उतू घालवणारा माणूस तो हाच का, असं विचारावंसं वाटलं.

मग तिनं शिळकऱ्याचं सांगितलं. तुम्ही ठेवलेलं नाव आता ते सगळेच वापरतात. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, माझ्या लक्षात राहिलं नाही. अख्ख्या जगात तो पक्षी त्या एका बेटावर, आणि बेटावरही डोंगराच्या एकाच अंगाला. मी मनात मोजलं. शहापुरातनं चालत उद्यमबागेला जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्याचं सगळं जग संपतं. बोटीतनं उंदीर आले, मग मांजरं आली, मग ते मोठं वादळ झालं. आता एकतीस उरलेत म्हणे.

त्याहून वाईट गोष्ट तिनं नंतर सांगितली. नर पिल्लू गाणं जन्मतः घेऊन येत नाही, मोठ्यांचं ऐकून शिकतं. आता ऐकवायला मोठे राहिले नाहीत. एक म्हातारा नर तीन तुकडे म्हणतो. पिंजऱ्यात वाढवलेली पोरं दोनच म्हणतात, आणि असलं अर्धं गाणं ऐकून मादी जवळ येत नाही. तुम्ही एकटे म्हणत राहिलात की गाणं चार तुकड्यांचं होतं, चौथा मी कानानं ऐकलाय. मोठ्या शास्त्रज्ञांना ते पटत नाही. तुम्ही शीळ घालून दाखवायला गेलात तर पुढचे दात नसल्यामुळं नुसती हवा आली, हे सांगताना ती हसली. मीही हसले.

"काकू, काका म्हणाले, पत्राऐवजी त्यांनी तुम्हाला कॅसेटी पाठवल्या होत्या. बोलताना मागं तो गात असायचा."

मी सांगितलं, नाहीत. नागेंद्रच्या लग्नात घराला रंग दिला तेव्हा भंगारात गेल्या. तुम्हालाही तेच कळवते, म्हणजे पुन्हा कुणाला पाठवणार नाही.

नागेंद्र कामावरनं यायच्या आत ती गेली, ते बरं झालं. तो उद्यमबागेत एका फाउंड्रीचं साचे करायचं पॅटर्न शॉप बघतो. सून कल्याणी बँकेत आहे. तुमचं नाव आमच्या घरात निघत नाही. का निघत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तिसऱ्या कुणाला नाही.

तिनं तुमचा फोन नंबर देऊ केला होता. फोनवर मधेच थांबून विचार करता येत नाही, म्हणून कागद घेतला. खरं तर एवढंच कळवून थांबणार होते. पण ती गेल्यावर मला लग्नानंतरची जांबोटीकडची ती सकाळ आठवली. तुमच्या गावच्या ओढ्यावर तुम्ही मला उजाडायच्या आत उठवून नेलंत. मी शहापूरची, मागांच्या आवाजात वाढलेली. मला वाटलं कुणी पोरगं शीळ घालत म्हशी घेऊन चाललंय. तुम्ही म्हणालात, "पोरगं न्हाय गं, कस्तूर पक्षी हाय. दिसायचा न्हाय, नुसता ऐक." पाण्यात पाय सोडून आपण बसलो. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं आणि परत आल्यावर तुमच्या आईनं विचारलं, घागर कुठं आहे? घागर न्यायचं सोंग करून गेलो होतो आणि ती ओढ्यावरच राहिली होती.

थंडी पडायला लागली आहे. तिकडं थंडी नसते म्हणे.

मंगल


शहापूर
९ डिसेंबर २०२३

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तीन कॅसेटी आहेत. माझ्या आप्पांच्या, मागाचे धोटे ठेवायच्या पेटीत, जिन्याखाली. माग विकले तेव्हा पेटी मात्र मी विकू दिली नव्हती. आप्पांची आठवण म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

मधुवंती पुन्हा आली होती. निपाणीला घरी होती, परत जायच्या आधी एकदा भेटावं म्हणून आले म्हणाली. मला वाटलं खोदून विचारेल. तिनं विचारलं नाही. नुसता फोन काढला आणि पिंजऱ्यातल्या पोरांचं गाणं ऐकवलं. एक शीळ वर चढते. दुसरी खाली उतरते. मग काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, पुन्हा काही नाही.

अहो, मी पस्तीस वर्षं पोरांचं पाठांतर ऐकलं. उभं राहिलेलं पोर दोन ओळी म्हणून अडकतं, छताकडं बघतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं आणि तिथंच अडकतं. अशा वेळी मास्तरीण पुढची ओळ हळूच सांगते. मला पुढची ओळ माहीत होती आणि मी आवळ्याच्या बरण्या पुसत उभी होते.

दोन कॅसेटी तिला दिल्या. रीळ बुरसलं होतं, म्हणून खडेबाजारातल्या शामू रेडिओवाल्याकडं गेलो. माझाच विद्यार्थी. त्यानं जुनी रिळं काढून नव्या डबीत बसवली. "टीचर, आता असल्या कॅसेटी फक्त भजनी मंडळाच्या येतात की," म्हणाला. दोन्हींत शिळकऱ्या आहे, पण लांबचा. एकीत लाटांचा आवाज फार, दुसरीत तुम्ही बोटीनं आलेल्या बटाट्यांबद्दल इतकं बोलताय की तो दोनदा गाऊन गेला तरी तुमचं तोंड थांबलं नाही. मधुवंतीनं डोळे मिटून पाच-सहा वेळा ऐकलं. तीन तुकडे सापडले. "चौथा असेल, पण ह्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, काकू."

त्या दोन्ही तिनं उतरवून घेऊन मला परत दिल्या. तिसरी मी दिली नाही. ती कुठली ते तुम्हाला सांगायला नको.

मंगल


शहापूर
२८ डिसेंबर २०२३

तुमचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर पोस्टमननं ओळखलं नाही, मी ओळखलं. 'शहापूर'मधला 'पू' तुम्ही अजून ऱ्हस्व काढता.

पाचच ओळी. "तिसरी देऊ नको. त्यात मी काय बोललोय ते मला ध्यानात आहे. नागू ऐकेल. शिळकऱ्याचं दुसरं काहीतरी बघू. तू त्रास करून घेऊ नको. तब्येतीला जप."

हे पत्र घेऊन मी वरच्या खोलीत जाऊन बसले. कल्याणीनं जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले.

ज्या पक्ष्यासाठी तुम्ही म्हातारपणी चुली फुंकता, ज्याच्यासाठी शिकलेल्या लोकांपुढं बिनदातांची शीळ घालून हसं करून घेतलंत, तो मेला तरी चालेल, पण मंगलचं खोटं उघडं पडू नये. हेच ना? १९८९च्या मे महिन्यातही तुम्ही हेच केलंत. सुट्टीवर आलात, हातात ती शंखांची पिशवी. आप्पा दारात आडवे उभे राहिले. "बायको-पोराला इथं टाकून गेलास, एकदा ये म्हणून कळवलं न्हाईस, आता कुठल्या तोंडानं आलास?" गल्लीतली सगळी माग बंद करून बाहेर आली होती. आप्पांच्या खांद्यावरनं तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं मी घरी काय सांगितलंय ते. एक वाक्य बोलला असता तर मी खोटी पडले असते. मीच एक वाक्य बोलायला हवं होतं. मी आत गेले आणि उगीचच स्टोव्ह पेटवला. बाहेर आले तेव्हा पिशवी उंबऱ्याबाहेर होती आणि तुम्ही नव्हता.

तुमचं गप्प बसणं मला त्या वेळी उपकारासारखं वाटलं. मग राग यायला लागला. भांडला असता तर मी कधीतरी खरं बोलले असते. तुम्ही भांडलाच नाहीत.

ह्या वेळी मी तुमचं ऐकणार नाही. मधुवंतीला फोन केला आहे. तिचं जाणं लांबलंय, अजून निपाणीतच आहे. शनिवारी ती येते, तिसरी कॅसेट घ्यायला.

मंगल


शहापूर
१६ जानेवारी २०२४

सगळं नीट सांगते, मधलं काही गाळत नाही.

शनिवारी नागेंद्र कामावर होता. मधुवंतीनं तिचं यंत्र लावलं, कॅसेट सुरू केली. तिला सगळं ऐकावं लागणारच होतं. निपाणीची आहे, तुमची भाषा तिला एक अक्षर न चुकता समजली. मी खिडकीकडं तोंड करून बसले. गाणं आलं तेव्हा ती उभीच राहिली. पुन्हा लावलं. पुन्हा. "काकू, चार! चार आहेत!" म्हणून तिनं मला मिठी मारली. मग तिला आधीचं बोलणं आठवलं असावं. स्वयंपाकघरात जाऊन तिनंच चहा केला. कप माझ्या हातात देऊन म्हणाली, "आवाज काढून टाकता येतो. नुसता पक्षी राहील. काका काय बोलले ते माझ्यापर्यंतच राहील."

मला सुटल्यासारखं झालं. पिल्लांना गाणं मिळालं, तुमचं म्हणणं खरं ठरलं, आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं. मी तिला होकार दिला. कॅसेट मात्र परत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवताना नागेंद्रनं विषय काढला. जयाबाईनं त्याला गल्लीत गाठून सांगितलं होतं की अंदमानची कुणी मुलगी सारखी येते.

"कशाला यायली ती?"

मी पक्ष्याचं सांगितलं. त्यानं भात कालवायचा थांबवला. "ज्या माणसानं बायको-पोराला एकदा या म्हणून बोलावलं न्हाय, त्याच्या पाखराचं तुला काय पडलंय की आई? तू एकटीनं मला वाढवलंस. शाळा, घर, आप्पांचं दुखणं, सगळं एकटीनं. आणि त्याच्यासाठी तू खडेबाजार हिंडायलीस?"

कल्याणी म्हणाली, "अहो, जेवा की आधी."

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. शाळेच्या निरोप समारंभात त्यानं भाषण केलं, त्यातही होतं. 'माझ्या आईनं एकटीनं.' लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पदर डोळ्यांना लावला. दर वेळी मला ते गोड लागायचं. त्या रविवारी ते माझ्या घशाखाली उतरलं नाही. आदल्याच दिवशी तुमचा आवाज ऐकला होता मी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पोरगा. माझ्या आताच्या नागेंद्रपेक्षा लहान.

मी उठले. शामूनं दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर ताटांच्या शेजारी आणून ठेवला आणि बटण दाबलं.

तुम्ही बोलायला लागलात. "मंगल, बरी हाईस न्हवं? नागू बोलाय लागला म्हणून आप्पांनी लिवलंय. मी हितं एकटाच हसत बसलोतो बघ. आता ऐक. क्वार्टर मिळालंय. दोन खोल्या हाईत, वऱ्हांड्यातनं समुद्र दिसतोय. साळा न्हाय, खरं तू हाईस की. हितल्या धा-बारा पोरांची तूच साळा कर. पुढच्या म्हयन्याच्या बोटीचं बघतो, मद्रासला मी न्ह्यायला येतो. तू नुसतं व्हय म्हण. मंगल, मला हितं लई… थांब. थांब, आला बघ. ऐक."

आणि शिळकऱ्या गायला. एक शीळ वर, एक खाली, तिसरी थरथरत लांबत गेलेली. आणि मग ती चौथी, अगदी हळू, कुणी दार लोटून आत यावं तशी. त्यानंतर तुम्ही. "ऐकलीस? कळव गं. वाट बघतो."

नागेंद्रच्या हाताला लागलेला भात वाळून गेला होता. त्यानं कॅसेट काढून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. मार्च ८८.

"मी दोन वर्षांचा होतो."

"व्हय."

"तू काय कळवलंस?"

"काही नाही."

"आणि आप्पांना?"

"बोलावलं नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांनाच तेच सांगितलं."

त्यानं मला ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. त्यानं कॅसेट हळूच खाली ठेवली, हात धुतला आणि विचारलं, "ते एकदा घरात आलते न्हवं? मला थोडं ध्यानात हाय. कुणीतरी शंख दिलता मला हातात."

दिला होता तुम्ही. आप्पा ओरडत असताना खाली वाकून दिला होता. मी विसरले होते.

तो गाडी काढून गेला. संध्याकाळी आला. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. वेळेवर जेवतो, डबा नेतो. काही लागलं तर कल्याणीला सांगतो, आणि ती मला सांगते. काल संक्रांत झाली. मी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यानं घेतला. तोंडात टाकला नाही.

मंगल


शहापूर
३ मार्च २०२४

तुम्ही विचारलंत, का आली नाहीस. चौतीस वर्षांनी विचारलंत, तेही "जमलं तर सांग" असं लिहून.

मधुवंतीला मी सांगितलं, आप्पांना अर्धांग झालं होतं. नागेंद्रलाही सांगून बघितलं, दाराबाहेरनं. पण आप्पांना अर्धांग झालं ते ९१ साली. तुम्हाला तारखा माहीत आहेत, म्हणून तुमच्याशी तरी खरं बोलते.

मी शाळेत लागले तेव्हा टेंपररी होते. टेंपररी बाईंचं नाव हजेरीपटावर पेन्सिलीनं लिहायचे. दर जूनला खोडायचे आणि ठेवलं तर पुन्हा लिहायचे. तुमची कॅसेट आली त्याच आठवड्यात मी कायम झाले. हेडबाईंनी मला बोलावून घेतलं, दौत उघडली आणि माझ्यासमोर माझं नाव शाईनं लिहिलं. मंगल रवळू पाटील. आमच्या घरात माझ्याआधी एकाही बाईचं नाव कुठं शाईनं लिहिलं गेलं नव्हतं. ते वाळेपर्यंत मी तिथं उभी राहिले.

घरी आले तर पोस्टानं तुमची कॅसेट आलेली.

तुम्ही मला नको होता असं नाही. हे मी आता वयानं धीट झाले म्हणून लिहिते. रात्रंदिवस माग चालायचे आणि त्या खटखटीतही मला तुमचं हसणं ऐकू यायचं. तुम्ही समोरच्या खोलीत भाड्यानं राहायचात, आयटीआयला जाताना आमच्या दारातनं मान खाली घालून जायचात आणि कोपऱ्यावर वळलात की शीळ घालायचात. आप्पा म्हणायचे, पोरगं सालस आहे, मान वर करत नाही. शीळ कोण घालतं ते त्यांना कधी कळलंच नाही.

मला तुम्ही हवे होता आणि ते नावही हवं होतं. मी तेवढं लिहून पाठवायला हवं होतं. 'मी येत नाही, मला नोकरी सोडायची नाही.' तुम्ही रागावला असता, किंवा बदली मागितली असती, किंवा दोन्ही. पण ८८ साली नवऱ्यानं बोलावल्यावर जात नाही म्हणणारी बाई आमच्या गल्लीत नव्हती. नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्यांना लोक पाणी विचारायचे, भाजी आणून द्यायचे. मी सोपं ते केलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ अडखळली. दुसऱ्यांदा नाही.

दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. माझ्या वर्गातली पोरं आज कोर्टात वकील आहेत, उद्यमबागेत कारखाने चालवतात, रस्त्यात वाकून नमस्कार करतात. हे फुकट गेलं असं मी म्हणणार नाही, तुमच्यापुढंसुद्धा नाही. पण ते तुमच्या नावावर उभं केलं, ते चुकलं. आणि नागेंद्रचा बाप मी खर्ची घातला. त्याला वडील नव्हते असं नाही. मी ठेवले नाहीत.

नागेंद्र अजून बोलत नाही. पण गेल्या आठवड्यात धोट्यांची पेटी जिन्याखाली नव्हती. त्याच्या खोलीत आहे. दार लावून तो कॅसेटी ऐकतो. बटाट्यांची ऐकताना काल हसल्याचा आवाज आला.

मंगल


शहापूर
२ मे २०२४

मधुवंतीचा फोन काल सकाळी आला. तिनं सांगितलं, तुम्ही शेजारीच बसला होता, पण फोन घ्यायला तयार झाला नाहीत. मीही मागितला नाही. आपण दोघं तसलेच.

तीन महिने रोज पहाटे पिंजऱ्यापाशी ते गाणं लावत होते हे तुम्हाला मी काय सांगायचं, लावणारे तुम्हीच. तिनं मला फक्त शेवट सांगितला. पायात लाल कडी असलेल्या पोरानं आधी तिसरा तुकडा धरला, मग आठ दिवस चौथ्याशी अडखळत राहिला, आणि सोमवारी पूर्ण म्हटलं. एकदा नाही, अकरा वेळा. आणि रानातली एक मादी येऊन जाळीवर बसली. उठवली तरी उठेना. शुक्रवारी त्याला सोडणार आहेत. सगळे रडत होते म्हणाली, आणि काका चुलीवर भात करपवून बसले होते.

फोन स्पीकरवर होता. नागेंद्र मागं येऊन कधी उभा राहिला मला कळलं नाही. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "शुक्रवारी सोडणार म्हणाल्या न्हवं?"

चार महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"व्हय," मी म्हटलं.

"कुठनं जायचं? चेन्नईवरनं?"

आज रात्रीच्या गाडीनं निघतोय. पोर्ट ब्लेअरपर्यंत विमानानं, पुढं मधुवंती बोटीची सोय करते म्हणाली. शुक्रवारी वेळेत पोचेलसं वाटत नाही, पण त्याला पक्षी बघायची घाई नाही. दहा दिवसांची रजा टाकलीय. आयुष्यात कधी सलग चार दिवस रजा न घेतलेला माणूस. सकाळपासून बॅग भरतोय आणि परत काढतोय. कल्याणीनं शेंगदाण्याची चटणी दिलीय, ती दातांशिवाय खाता येईल अशी बारीक कुटलीय.

मी येत नाही. तुम्हीही ह्या वेळी मला बोलावलेलं नाही, ते बरं केलंत. आले असते तर त्याला तुमच्याशी बोलताना माझ्याकडं बघत बसावं लागलं असतं. हे दहा दिवस त्याचे आणि तुमचे आहेत. पुढचं पुढं बघू. मी बासष्टची आहे, तुम्ही चौसष्टचे. पत्रं लिहायला हात चालतात.

हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत वाचलं तर वाचू दे.

त्याच्याबद्दल थोडं. बोट हलली की त्याला मळमळतं, लिंबू जवळ ठेवा. रागावला की तो ओरडत नाही, भांडी घासायला लागतो, घासू द्या. लहानपणी तापात तो 'बाबा' म्हणायचा आणि मी त्याला आप्पांच्या मांडीवर द्यायची. हे त्याला माहीत नाही. तुम्हीच सांगा, मला जमत नाही.

तो माझ्याबद्दल विचारेल. खरं तेच सांगा, मला सांभाळून घेऊ नका, ते तुम्ही पुष्कळ केलंत. पण माझी एखादी चांगली गोष्ट आठवली, तर तीही सांगा. मी त्याला तुमची एकही सांगितली नव्हती.

मंगल